सल्ला हवा : संयुक्त टॅक्स रिटर्न नसताना विवाह खरा असल्याचे कसे सिद्ध करावे? (आय-७५१ अर्ज, सध्या मुक्काम नाशिक)

इंदिरानगर_नाशिक :
नमस्कार. आमचा विवाह डिसेंबर २०२२ मध्ये पंचवटीतील एका मंगल कार्यालयात झाला आणि महापालिकेच्या पंचवटी विभागीय कार्यालयात त्याची रीतसर नोंदणीही झाली. पती अमेरिकेचे नागरिक असून न्यू जर्सीत राहतात. मुंबईच्या वकिलातीतील मुलाखतीनंतर मी २० मे २०२४ रोजी तिकडे गेले. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नव्हती, म्हणून मला दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळाले. ते येत्या मे महिन्यात संपते. त्याआधीच्या नव्वद दिवसांत, म्हणजे १९ फेब्रुवारीपासून, अट काढून टाकण्याचा, म्हणजे विवाह खरा असल्याचे पुराव्यानिशी दाखवण्याचा, आय-७५१ अर्ज करावा लागेल. माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी मी नोव्हेंबरात येथे आले आणि फेब्रुवारीअखेर परत जाणार आहे.

अडचण अशी की आम्ही एकही रिटर्न संयुक्त भरलेला नाही. पतींच्या भागीदारीतील जुन्या व्यवसायाचे हिशेब वादात आहेत, आणि संयुक्त रिटर्नवर सही केली की त्या वर्षाच्या संपूर्ण कराची जबाबदारी माझ्यावरही येते, या कारणाने त्यांच्या हिशेबनिसाने स्वतंत्र रिटर्न भरण्याचा सल्ला दिला होता. मी नोकरी करत नाही, त्यामुळे माझा रिटर्न भरलाच गेलेला नाही. आता एक नातेवाईक म्हणतात की संयुक्त रिटर्नशिवाय अर्ज हमखास फेटाळला जातो. दुसरे म्हणतात की घाईघाईने चार ठिकाणी दोघांची नावे लावून घ्या. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि नाशिकमध्ये आहे तोवर मी येथून कोणती कागदपत्रे गोळा करून न्यावीत?

एडिसनची_सून :
ताई, दोघांचेही ऐकू नका. माझा अर्ज संयुक्त रिटर्नशिवाय, आणि मुलाखतीशिवाय, मंजूर झालेला आहे. अर्थात माझे झाले म्हणून तुमचे होईलच असे मी म्हणणार नाही. नियम काय आहे तेवढे सांगते. सशर्त निवासाची ही पद्धत १९८६ च्या कायद्याने आली. त्याखालील नियमांत पुराव्याचे जे प्रकार दिले आहेत त्यांत सामाईक मालकीची मालमत्ता, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र आलेले आर्थिक व्यवहार, अपत्यांचे जन्मदाखले, आणि तुमचा संसार प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांची प्रतिज्ञापत्रे हे येतात. संयुक्त रिटर्नचा उल्लेख अर्जाच्या सूचनांमध्ये येतो, पण तो आर्थिक पुराव्याचे एक उदाहरण म्हणून, अट म्हणून नव्हे. सिद्धतेचा निकषही फौजदारी खटल्यासारखा निःसंशय नसतो; तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक दिसली की पुरते. लग्न करताना दोघांना एकत्र संसार करायचा होता का, हा मूळ प्रश्न असतो, आणि नंतरचे सारे कागद त्या हेतूची साक्ष म्हणून पाहिले जातात.

म्हणूनच घाईने नावे लावण्याचा सल्ला मला उलट घातक वाटतो. कागदपत्रे विवाहाच्या तारखेपासून अर्जाच्या तारखेपर्यंतचा सगळा काळ दाखवणारी असावीत, असे सूचनांमध्येच म्हटले आहे. ज्या खात्यावर पत्नीचे नाव जानेवारीत चढले आणि ज्यातून एकदाही वाणसामान घेतले गेले नाही, ते खाते अर्जापुरते उघडलेले आहे हे अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही. मी एक साधी गोष्ट केली : लग्नापासूनचा एकेक महिना कागदावर उतरवून त्या महिन्याचा निदान एक पुरावा समोर लिहिला, आणि जेथे जागा रिकामी राहिली तेथेच शोध घेतला. पतीच्या नोकरीतील आरोग्य विम्यात माझे नाव होते, गाडीचा विमा दोघांचा होता, फोनचा प्लॅन एकत्र होता, दोघांच्या वाहन परवान्यांवर पत्ता एकच होता. आरोग्य विम्याचे वर्षावर्षाचे पत्र मला सर्वांत उपयोगी पडले, कारण त्याचा हप्ता दर पगारातून कापलेला दिसतो.

तुमच्या बाबतीत डिसेंबर २०२२ ते मे २०२४ या सतरा महिन्यांत तुम्ही येथे आणि ते तिकडे होते. तेवढ्या काळासाठी त्यांची विमानाची तिकिटे, पासपोर्टवरील शिक्के, पाठवलेले पैसे आणि फोनच्या नोंदी काढाव्या लागतील.

सराफबाजार :
माझ्या भाच्याने तीनशे फोटोंचा अल्बम पाठवला होता आणि त्याचे काम झाले. फोटो भरपूर द्या, बाकी काळजी करू नका.

एडिसनची_सून :
दादा, भाच्याचे काम अल्बममुळे झाले की अल्बम असूनही झाले, हे आपल्याला कळायला मार्ग नाही. पंधरा-वीस फोटो पुरेत, पण प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण आणि सोबतच्या माणसांचे नाते लिहिलेले असावे. हळदीचे दोनशे फोटो एकाच दिवसाचा पुरावा देतात.

हिशेबनीस_कॉलेजरोड :
मी नाशिकमध्ये सनदी लेखापाल असून परदेशस्थ ग्राहकांचे येथील काम पाहतो. अमेरिकी रिटर्न मी स्वतः भरत नाही, पण ते भरणाऱ्यांसोबत माझे रोजचे काम चालते. आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि त्यांतील दुसरी मला अधिक काळजीची वाटते. विवाहित दांपत्याने स्वतंत्र रिटर्न भरणे हा कायद्याने दिलेला पर्याय आहे. त्याचे कारण एका पानाच्या पत्रात लिहून, शक्य झाल्यास हिशेबनिसाचे त्या वेळचे पत्र किंवा ईमेल जोडून दिले, तर तो मुद्दा बहुधा तेथेच संपतो. परंतु संयुक्त रिटर्न न भरणे वेगळे आणि रिटर्नच न भरणे वेगळे.

ग्रीन कार्डावर प्रवेश केल्याच्या दिवसापासून आपण करापुरत्या अमेरिकेच्या निवासी झालात, आणि निवासी व्यक्तीला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. नाशिकच्या बँकेत आपल्या नावाची मुदत ठेव असेल तर तिचे व्याज हेही उत्पन्नच आहे. नोकरी नाही म्हणजे रिटर्न नाही, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. मात्र पती-पत्नी स्वतंत्र भरत असतील तर रिटर्नसाठी उत्पन्नाची मर्यादा अवघी ५ डॉलर आहे. शिवाय भारतातील सर्व खाती आणि ठेवी मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेल्या असतील तर परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा अहवाल दाखल करावा लागतो. त्याला एफबार म्हणतात, आणि त्यात कर नसला तरी तो न दिल्याचा दंड मोठा असू शकतो.

हे येथे सांगण्याचे कारण असे की विवाहाचा पुरावा म्हणून आपण येथील संयुक्त खात्याचा उतारा उत्साहाने जोडाल आणि त्याच उताऱ्याने न दाखवलेले व्याज आपल्याच हाताने सरकारला कळवाल. आधी राहिलेले रिटर्न आणि अहवाल भरून घ्या, मग उतारा जोडा. २०२४ चे वर्ष अर्धे अनिवासी आणि अर्धे निवासी असल्यामुळे त्याचा रिटर्न मिश्र दर्जाचा होतो. तो अमेरिकी कर जाणणाऱ्याकडूनच करून घ्यावा. येथील बचत खातेही परदेशी गेल्यानंतर एनआरओ (अनिवासींचे खाते) करून घ्यावे लागते, तेही झाले आहे का ते पाहावे.

आणखी एक विनंती. पतींनी प्रत्येक वर्षी रिटर्नच्या पहिल्या पानावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात कोणती खूण केली आहे, ते आज रात्रीच विचारून घ्या.

इंदिरानगर_नाशिक :
काका, आपण विचारायला लावले हे फार बरे झाले. २०२३ आणि २०२४ या वर्षांना ‘विवाहित, स्वतंत्र’ अशी खूण आहे, पण २०२२ च्या रिटर्नवर ‘अविवाहित’ आहे. लग्न डिसेंबरात झाले, पतींनी दरवर्षीप्रमाणे संगणकावर मागच्या वर्षीची माहिती पुढे ओढली आणि ते तिकडे कोणाच्याच लक्षात आले नाही. मला तर हे वाचून घाम फुटला, कारण ज्या वर्षी लग्न झाले त्याच वर्षी त्यांनी सरकारला आपण अविवाहित असल्याचे लिहून दिले आहे. ठेवीचे म्हणाल तर वडिलांनी माझ्या नावाने ठेवलेली एक ठेव आहे आणि तिचे व्याज आम्ही कोठेही दाखवलेले नाही.

हिशेबनीस_कॉलेजरोड :
घाबरू नका, ही चूक नेहमी होते आणि ती सुधारता येते. वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला जी असेल ती संपूर्ण वर्षाची धरतात, म्हणून लग्न वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात झाले तरी ते वर्ष विवाहितांचेच होते. १०४०-एक्स या नमुन्यात सुधारित रिटर्न भरून खूण बदलावी. अविवाहित आणि ‘विवाहित, स्वतंत्र’ यांचे कराचे टप्पे मध्यम उत्पन्नापर्यंत सारखेच असतात, त्यामुळे कराचा फरक सहसा थोडा येतो. मात्र शैक्षणिक कर्जावरील व्याजाच्या वजावटीसारख्या काही सवलती विवाहितांना स्वतंत्र रिटर्नमध्ये मिळत नाहीत, त्या घेतल्या असतील तर परत कराव्या लागतील.

स्वतंत्र भरलेला रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत संयुक्त करता येतो, संयुक्त भरलेला मात्र मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. याचा अर्थ २०२३ आणि २०२४ ची वर्षे आपण अजूनही संयुक्त करू शकता. पण केवळ या अर्जासाठी तसे करावे असे मी सुचवणार नाही. ज्या वादापासून दूर राहण्यासाठी आपण स्वतंत्र भरत होतात, तो वाद त्या सहीबरोबर आपल्या दारात येईल.

सुधारित रिटर्नची प्रत अर्जाला जोडा आणि स्पष्टीकरणाच्या पत्रात ही चूक स्वतःहून सांगा. अधिकाऱ्याने ती शोधून विचारण्यापेक्षा आपण आधी लिहिलेली केव्हाही बरी.

गोदाकाठ :
टॅक्सचे काका सांगतीलच, मी नाशिकमध्ये काय मिळेल ते सांगते. मागच्याच वर्षी लेकीसाठी हे सगळे फिरून झाले आहे. लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याच्या दोन जादा प्रती विभागीय कार्यालयातून घेऊन ठेवा. लग्नपत्रिका, कार्यालयाची आणि केटररची पावती जपलेली असेल तर तीही घ्या. एलआयसीच्या पॉलिसीत पतीचे नामनिर्देशन केले असेल तर त्याची नोंद मिळते. दोघांच्या नावाने फ्लॅट असेल तर दुय्यम निबंधकाकडील इंडेक्स टूची, म्हणजे खरेदीच्या नोंदीच्या उताऱ्याची, प्रत काढा. पासपोर्ट लग्नानंतर नवीन केला असेल तर त्यावर पतीचे नाव असते, ते पान विसरू नका.

माझ्या लेकीच्या फाइलमध्ये वकिलाला सर्वांत आवडलेला कागद कोणता होता, सांगू? आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा वर्तमानपत्रात दिलेला शोकसंदेश. त्यात जावयांचे नाव नातजावई म्हणून छापलेले होते आणि ते दहाव्याला रामकुंडावर हजर राहण्यासाठी आले होते, त्या तारखांची तिकिटेही होती. असला कागद कोणी व्हिसासाठी तयार करत नाही. तुमच्या वडिलांच्या आजारपणात जावई आले होते का?

मराठीतील प्रत्येक कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. सीबीएस बसस्थानकाजवळ न्यायालयाबाहेर ‘सरकारमान्य भाषांतरा’चे पानामागे भरमसाट पैसे सांगतात, तसा शिक्का नियमात कोठेही मागितलेला नाही.

इंदिरानगर_नाशिक :
गोदाकाठताई, ते डिसेंबरात दहा दिवसांसाठी आले होते, आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून त्यांचीच सही आहे, कारण त्या वेळी आई आणि मी रक्ताच्या पिशव्यांसाठी रक्तपेढीत गेलो होतो. त्याची प्रत मागायचे माझ्या मनातही आले नव्हते.

गोदाकाठ :
मग उद्याच रुग्णालयाच्या अभिलेख विभागात लेखी अर्ज द्या, आणि अर्जावर वडिलांची सही घ्या, म्हणजे अडवणूक होत नाही. प्रतिज्ञापत्रांचे काय ठरवले आहे?

एडिसनची_सून :
प्रतिज्ञापत्रे निदान दोन लागतात, आणि ती अशा लोकांची हवीत जे तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड मिळाल्यापासून ओळखतात. म्हणून येथील मामा-मावशींपेक्षा न्यू जर्सीतील शेजारी आणि पतींचे सहकारी अधिक उपयोगी. लिहिणाऱ्याने स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, तुमच्याशी असलेला संबंध आणि आपल्याला हे कसे माहीत आहे ते लिहून शपथेवर सही करावी. ‘हे आदर्श जोडपे आहे’ असले वाक्य काढून टाका. त्याऐवजी गणपतीत तुमच्या घरी जेवायला आलो होतो तेव्हा काय पाहिले, हे लिहायला सांगा. प्रतिज्ञापत्रे एकट्याने पुरत नाहीत, इतर कागदांना आधार म्हणून ती असतात.

तुम्ही परत गेल्यावर अर्ज तिकडूनच पाठवा. देशाबाहेर असताना अर्ज करायला नियमाची आडकाठी नाही, पण पोच मिळाल्याचे पत्र न्यू जर्सीच्या पत्त्यावर जाते. तेच पत्र जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते, आणि मेनंतर विमानात बसताना ते हातात लागते.

इंदिरानगर_नाशिक :
सर्वांची मनापासून आभारी आहे. पतींनी २०२२ चा सुधारित रिटर्न भरायला दिला आहे आणि माझ्या २०२४ च्या रिटर्नसाठी तेथील एका जाणकाराची वेळ घेतली आहे. काका, ठेवीच्या व्याजाचा दाखला बँकेकडून आर्थिक वर्षाप्रमाणे, म्हणजे एप्रिल ते मार्च असा मिळाला आहे, आणि तिकडे जानेवारी ते डिसेंबर असा मागत आहेत. तो पुन्हा मागावा का?

हिशेबनीस_कॉलेजरोड :
दाखला पुन्हा मागू नका. त्याऐवजी २० मे २०२४ पासून ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचा खातेउतारा घ्या. त्यात व्याज कोणत्या तारखेला जमा झाले ते दिसते, त्यावरून दोन्ही कॅलेंडर वर्षांचे आकडे वेगळे काढता येतात. टीडीएस कापला असेल तर फॉर्म १६-ए सुद्धा घ्या, कारण येथे भरलेल्या कराचे श्रेय तेथे मागता येते.