मदत हवी आहे: मीटरला एलईडी बसवले, बॅटरीच्या लाल दिव्याचं काय करावं?

मंडळी, जुन्या गाडीच्या मीटरमधले १.२ वॉटचे टी५ (मीटरमधले छोटे) बल्ब काढून एलईडी बसवलेत. दोन पेटेनात, होल्डर उलटा फिरवल्यावर पेटले. एलईडीला प्लस-मायनस बघावंच लागतं. खरी अडचण बॅटरीच्या लाल दिव्याची. त्यातूनच अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) सुरुवातीचा करंट मिळतो, साधारण १०० मिलिअँपिअर. एलईडीतून तेवढा जात नाही, म्हणून रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही: आधी बॅटरीवर १२.४ व्होल्ट, रेस दिली की एकदम १४.१. एलईडीला समांतर १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडू की तिथे जुनाच बल्ब ठेवू? रेझिस्टर तापतो, आणि सोलापूरच्या मे महिन्यात डॅशबोर्ड आधीच भाजत असतो. शिवाय उजेड चहूबाजूंनी पसरवणारे टी५ नवी पेठेत मिळतील का? आत्ताच्यांनी मधोमध पांढरा ठिपका पडतो, कडेचे आकडे अंधारात.