आल्प्सचे घाट : रेल्वेवेड्यांनो, तुमचे अनुभव लिहा

आल्प्सच्या सहलींची वर्णनं आता भरपूर वाचायला मिळतात. त्यांत बर्फ असतो, तळी असतात, गायींच्या गळ्यातल्या घंटा असतात; गाडी मात्र एका वाक्यात उरकलेली असते. मला नेमकं त्या वाक्यात राहून गेलेलं वाचायचं आहे. रूळ कसे चढतात, इंजिन कुठलं होतं, कुठल्या वळणावर तुम्ही जागा सोडून खिडकीशी धावलात, ते लिहा. भोर घाट आणि थळ घाट बघत वाढलेल्या माणसाला तिथे काय दिसतं, हे सहलीच्या पुस्तिकांत सापडत नाही. आधी मी लिहितो.

माझा मार्ग बर्निनाचा, स्वित्झर्लंडमधल्या कूरहून इटलीतल्या तिरानोपर्यंत. बहुतेक जण काचेच्या मोठ्या खिडक्यांची एक्सप्रेस घेतात. मी मुद्दाम साधी गाडी घेतली. रूळ तेच, पूल तेच, आणि साध्या डब्यांतल्या काही खिडक्या खाली ओढता येतात. बोगद्याचा गार वारा तोंडावर घ्यायचा असेल तर हीच गाडी.

लांडवासर पुलाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो: ६५ मीटर उंच, वळणावरच उभा, आणि पलीकडे रूळ थेट कड्याच्या पोटात. मला त्याहून बर्ग्यून ते प्रेडा हा चढ आवडला. दोन गावांच्या उंचीत चारशे मीटरच्या वर फरक आहे, म्हणून गाडी डोंगराच्या आत वेटोळी घेत वर जाते. बाहेर आलं की मघाशी सोडलेला रूळ खाली दिसतो, आणि आपण कुठल्या दिशेला चाललो आहोत ते कळेनासं होतं.

पाँत्रेसिनाच्या पुढे चढ हजारी सत्तरपर्यंत जातो, म्हणजे साधारण चौदाला एक (चौदा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर). आपला भोर घाट सदतिसाला एक आहे आणि तिथे कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात. बर्निनाला दातेरी रूळ (इंजिनाचं दात्यांचं चाक ज्यात अडकत वर चढतं तो) नाही आणि बँकरही नाही. मीटर गेजची हलकी गाडी, बऱ्याच चाकांना मोटर आणि अगदी तीव्र वळणं घेऊ शकणारी बांधणी, एवढ्यावर ती २,२५३ मीटरवरचं ओस्पित्सिओ बर्निना गाठते आणि तिथून ४२९ मीटरवरच्या तिरानोला उतरते. उतरताना ब्रूझिओला उघड्या माळावर पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघते. पाँत्रेसिनाच्या पुढचा हा मार्ग १९०८ ते १९१० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला.

माथ्यावर दोन तळी जवळजवळ आहेत. एकाचं पाणी इन नदीतून डॅन्यूबला आणि काळ्या समुद्राला जातं, दुसऱ्याचं पो नदीतून एड्रियाटिकला. आमच्या लोणावळ्यातही हेच आहे: उल्हास पश्चिमेला उतरते, इंद्रायणी भीमेला मिळायला पूर्वेला जाते. घाट चढून आलेली गाडी पाणलोटाच्या रेषेवर थांबते, हे लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं. तिथे ते पुन्हा भेटलं आणि फार आनंद झाला.

कल्याणहून, निवृत्त रेल्वे कर्मचारी

मी लिहिणार आहे खेकड्याबद्दल. आमच्या लाइनीवरच्या लोकांना सांगायला नको, पण नव्या मंडळींसाठी सांगतो. कल्याणच्या पुढे दोन्ही घाटांत वीज आली तेव्हा मालगाड्यांसाठी आणलेलं इंजिन, पुढे त्याला डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. मध्ये केबिन, पुढे-मागे लांब नाकं, चाकांना बाहेरून जोडणाऱ्या दांड्या. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना सगळं अंग हलवायचं, म्हणून खेकडा. मी नोकरीला लागलो तेव्हा ते उतारवयात होतं, शंटिंगला असायचं.

मुलाकडे स्वित्झर्लंडला गेलो तेव्हा ल्युझर्नच्या वाहतूक संग्रहालयात शिरलो, आणि समोर आमचा खेकडाच उभा! रंग वेगळा, अंग तेच. तिथे त्याला मगर म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड घाटाच्या वळणांवर जड मालगाड्या ओढायला १९१९ पासून ही इंजिनं बनली. लांब इंजिन वळणावर अडकू नये म्हणून ते सांध्यांत तोडलेलं असतं, नाकं वळतात आणि मधलं अंग त्यांवर टेकून राहतं. तीच कल्पना १९२८ मध्ये आपल्याकडे आली. आपली पहिली दहा विंटरथूरच्या कारखान्यात घडली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. वीज मात्र निराळी: त्यांची एसी, आपली १,५०० व्होल्ट डीसी.

सून आणि नातू पुढे निघून गेले, मी तिथेच थांबलो. दांडीवर हात ठेवायची परवानगी होती की नाही कोण जाणे, मी ठेवला. आपला एक खेकडा, ‘सर लेस्ली विल्सन’, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. मुलांना घेऊन जा आणि दाखवा.

व्हिएन्नाहून

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी ऑस्ट्रियातल्या सेमरिंगच्या घाटाबद्दल लिहिते, कारण त्याच्याकडे आपले प्रवासी फिरकत नाहीत. ग्लॉग्निट्स ते म्युर्त्सत्सुश्लाग, ४१ किलोमीटर, १८४८ ते १८५४ मध्ये कार्ल फॉन गेगा यांनी बांधलेला. काम सुरू झालं तेव्हा हा चढ चढू शकेल असं इंजिनच अस्तित्वात नव्हतं! रूळ आधी, इंजिन नंतर. त्यासाठी १८५१ मध्ये इंजिनांची स्पर्धा घेतली. चढ जवळजवळ आपल्या भोर घाटाइतकाच. भोर घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी धावली, म्हणजे दोन्ही एकाच पिढीचे.

मला हे दोन घाट एकत्र आठवतात ते कामगारांमुळे. सेमरिंगला टायफस आणि कॉलऱ्याने शेकडो माणसं गेली, भोर घाटात हजारो. भोर घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुढचं कंत्राट त्यांच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल यांनी, निभावलं. काल्टे रिने हा दुमजली कमानींचा पूल बघायला मी दर शरदात चालत जाते. स्टेशनापासून पायवाट आहे, पाट्या आहेत. वर उभं राहिलं की अजूनही मालगाडी येते आणि त्या जुन्या दगडावरून जाते. १९९८ पासून हा मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे. खाली सत्तावीस किलोमीटरचा नवा बोगदा २०२४ मध्ये आरपार खोदून झाला, तो सुरू झाला की वरची वर्दळ कमी होईल. म्हणून लवकर या.

बाझलहून

कामगारांचा विषय निघाला म्हणून: ऐरोलो स्टेशनाजवळ गोटहार्डचा बोगदा खोदताना गेलेल्या कामगारांचं ब्राँझचं शिल्प आहे. ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोगद्याचे कंत्राटदार लुई फाव्र हेही १८७९ मध्ये बोगद्यातच गेले, १८८२ ची पहिली गाडी त्यांनी पाहिली नाही.

आई भारतातून आली होती तेव्हा तिला जुन्या मार्गाने नेलं. २०१६ पासून मुख्य गाड्या ५७ किलोमीटरच्या पायथ्याच्या बोगद्यातून जातात. वेळ वाचतो, पण खिडकीत अंधार. ग्योशेननवरून जाणारी ‘त्रेनो गोतार्दो’ विचारून घ्या. वासेनचं पांढरं चर्च तीनदा दिसतं: आधी डोक्यावर, मग समोर, मग पायाखाली. आईच्या हातात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. तिसऱ्यांदा चर्च दिसलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, हे गाव आपल्या मागे लागलंय का?” समोरच्या आजींनी भाषा न कळताही हसून मान डोलावली आणि पुरी घेतली.

विंटरथूरहून, मूळचा पुणेकर

ज्या कारखान्याचं नाव काकांनी घेतलं त्याच गावात मी नोकरी करतो. उटीच्या गाडीची दातेरी रुळावर चढणारी एक्स वर्गाची इंजिनंही इथलीच. तो आवाज ज्यांनी कल्लारच्या पुढे ऐकला आहे त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या फुर्काला यावं.

फुर्का खिंडीतला मार्ग १९२५–२६ मध्ये पूर्ण झाला. हिमकड्यांमुळे तो हिवाळ्यात बंदच असायचा. १९८२ मध्ये खालून पंधरा किलोमीटरचा बोगदा झाला आणि वरचा रूळ उखडायची वेळ आली. तेव्हा हौशी माणसं उभी राहिली. त्यांनी रूळ वाचवला, आणि इंजिनं कुठून आणली पाहा: १९४७ मध्ये व्हिएतनामला विकलेली हीच जुनी इंजिनं दालातच्या डोंगरातून १९९० मध्ये परत आणली. गंजलेली, झाडोऱ्यात उभी होती. ती पुन्हा वाफेवर आली. रेआल्प ते ओबरवाल्ड हा सगळा मार्ग २०१० पासून पुन्हा चालू आहे, आणि तो स्वयंसेवक चालवतात. तिकीट तपासणारे शिक्षक, कोळसा टाकणारे बँकेतले अधिकारी.

स्टेफनबाखचा पूल तर दर शरदात घडी घालून बाजूला ठेवतात, नाहीतर कोसळणारा बर्फ तो घेऊन जाईल. उन्हाळ्याआधी पुन्हा मांडतात. मी एकदा ते काम बघायला थांबलो होतो. ओढायचे दोर, दोन्ही काठांवर माणसं, एकाचा आवाज ऐकून सगळे थांबायचे.

गाडीत बसलात की कान द्या. साध्या रुळावर एक ताल असतो. दातेरी पट्टी लागली की दुसरी सिलिंडरं कामाला लागतात आणि दोन ताल एकमेकांवर चढतात. उटीलाही दातेरी पट्टी हीच, आब्ट पद्धतीची. डोळे मिटून ऐकलं तर कुन्नूर कुठे आणि फुर्का कुठे, सांगता येत नाही.

नाशिकहून

मी टपालाचा अभ्यास करतो. माझ्या संग्रहातली लंडनहून मुंबईला आलेली जुनी पाकिटं आल्प्समधूनच आलेली आहेत. फ्रान्स आणि इटलीमधल्या मोंसेनीच्या खिंडीवरून १८६८ ते १८७१ अशी थोडीच वर्षं मधला तिसरा रूळ चिमटून चढणारी गाडी होती. मग १८७१ मध्ये बोगदा उघडला, आणि टपाल इटलीतल्या ब्रिंदिसीला, तिथून आगबोटीने सुएझमार्गे मुंबईला येऊ लागलं. त्या बोगद्यातून जायचं होतं म्हणून तोरिनोहून मोदानपर्यंत गेलो. बघण्यासारखं फारसं काही नाही. मला ते पुरेसं होतं. २०२३ मध्ये फ्रान्सच्या बाजूला दरड कोसळून हा मार्ग दीड वर्षाहून जास्त बंद होता, २०२५ च्या वसंतात सुरू झाला.

डोंबिवलीहून

सगळं वाचून ठरवलं, जायचंच. पण पासांचं गणित समजत नाही. आणि बर्निनाला कुठल्या बाजूला बसू?

धागा सुरू करणारा

कूरहून तिरानोकडे जाताना उजवी बाजू. स्विस ट्रॅव्हल पासवर साधी गाडी चालते. काचेच्या एक्सप्रेसला जागेचं आरक्षण वेगळं द्यावं लागतं. रिगीचा डोंगर पासात पूर्ण येतो, युंगफ्राउयोखला मात्र वरच्या टप्प्यासाठी नुसती सवलत मिळते. एका जागी राहून थोडंच फिरणार असाल तर महिनाभराचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड घ्या. आणि रिगी चुकवू नका, १८७१ चा आहे, दातेरी रुळाचा युरोपातला पहिला डोंगरी मार्ग.

बाझलहून

मुलं बरोबर असतील तर हिवाळ्यात या. प्रेडा ते बर्ग्यूनचा गाडीरस्ता बर्फात बंद करून घसरगाडीसाठी मोकळा ठेवतात, सहा किलोमीटर. खाली घसरत यायचं, घसरगाडीसकट रेल्वेत चढायचं, वेटोळ्या बोगद्यांतून पुन्हा वर. माझी मुलगी संध्याकाळी दिवे लागेपर्यंत उतरायला तयार नव्हती. हातमोजे दोन जोड घ्या, एक भिजतोच.