जन्मजात, उपजत की सहज?

शब्दशोधक: जखमेत जिवाणू शिरल्यावर पहिल्या काही तासांतच कामाला लागणाऱ्या संरक्षणव्यवस्थेला (इंग्रजीत 'इनेट इम्युनिटी') मी अनुवादात 'जन्मजात प्रतिकारशक्ती' म्हटले. तपासणाऱ्यांनी शब्द खोडला. 'जन्मजात' हे विशेषण व्यंगाला लागते, शक्तीला नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मग काय लिहावे?

अनुस्वार: 'उपजत' लिहावे. 'जन्मजात'मध्ये आणखी एक फसगत आहे. आईची प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी प्रथिने) वारेतून बाळाला मिळतात, म्हणजे जन्मतः ती त्याच्या रक्तात असतात. पण ती आईने कमावलेल्या प्रतिकारशक्तीची देणगी असून काही महिन्यांत ओसरतात.

जुना वाचक: ही फसगत 'उपजत'लाही टळत नाही. 'सहज' घ्या. सह आणि ज, बरोबर जन्मलेले.

शब्दशोधक: 'सहज प्रतिकार' वाचून वाटेल की पांढऱ्या पेशी येता-जाता जिवाणू गिळत आहेत.

जुना वाचक: वाचकांनी अर्थ झिजवला, हा शब्दाचा दोष नव्हे. 'सहजप्रवृत्ती' आजही चालतेच.

पेशीपुराण: जन्माशी बांधायचेच कशाला? 'अविशिष्ट' म्हणा, म्हणजे जंतू कोणता हे न पाहता सर्वांवर सारखीच चालून जाणारी.

अनुस्वार: तो शब्द आता अपुरा पडतो. ग्राम-ऋण गटातल्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करा यांचा रेणू) नेमके हेरणारा टोलसदृश ग्राहक, म्हणजे जंतूंच्या खुणा ओळखणारे पेशीवरचे प्रथिन, १९९८ साली उंदरांत ओळखला गेला. ही व्यवस्था जिवाणूला नावाने ओळखत नसली, तरी कुळाने ओळखते, आणि अशा व्यवस्थेला अविशिष्ट कसे म्हणावे?

पेशीपुराण: ते असो, पण पुढे आपण 'इन्फ्लमेशन'साठी 'दाह' लिहिले असेल, तर ते खटकते. रक्तवाहिन्या रुंदावल्याने लाली आणि ऊब येते, त्यांतून द्रव पाझरल्याने सूज येते, शिवाय ठणका असतोच. 'दाह' शब्दात यांतली फार तर ऊब आणि आग मावते. 'शोथ' हवा.

जुना वाचक: 'शोथ' म्हणजे तर नुसती सूज! 'यकृतदाह', 'आंत्रपुच्छदाह' रुळले आहेत, ते उपटून काय साधणार? आमची आजी या साऱ्याला 'पिकणे' म्हणे.

पेशीपुराण: पिकणे ही पुढची पायरी आहे. जिवाणू गिळून मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी साचल्या की पू होतो, आणि गळू पिकते ते तेव्हा.

शब्दशोधक: माझा शब्द मात्र अजून खोडलेलाच आहे.

जुना वाचक: 'पू' आला 'पूय'वरून, आणि लॅटिन 'पुस' त्याचाच सगोत्र. निदान एवढा तरी शब्द कोणी खोडणार नाही.

अनुस्वार: शास्त्रीय लेखनात 'पूय'च लिहावे, असे माझे मत आहे.