हरणांना वारा लागतो म्हणजे नक्की काय? जांबोटी भागात फोटो काढणाऱ्यांनी सांगा

शेतातला_कॅमेरा:
नमस्कार मंडळी. मी बेळगावात असतो, मामाचं शेत खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, रानाला अगदी चिकटून. भात काढून मसूर टाकलाय, शेंगा भरायला लागल्यात, आणि गेले तीन आठवडे त्यात भेकर (कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण) येतंय, दोनदा सांबराची मादी पण येऊन गेली, सकाळी बघितलं तर ओल्या मातीत खुरं उमटलेली आणि शेंडे खुडलेले. मामा राखणीला जातात त्यांना ही जनावरं आरामात दिसतात आणि मी कॅमेरा घेऊन बसलो की एक पण नाही. म्हणजे येतात, पण ओढ्यापाशीच थांबतात, मान वर, कान ताठ, भेकर एकदा भुंकलं की सगळं संपलं, त्या दिवशी परत काही येत नाही. मी हिरवे कपडे घालतोय, तोंडाला कापड बांधतोय, दोन दोन तास हलत नाही, मोबाईल सायलेंट. रान पश्चिमेला आहे आणि मी पण पश्चिमेच्याच बांधावर बसतो, कारण संध्याकाळी ऊन पाठीमागून पडतं आणि शेतातल्या जनावराच्या तोंडावर उजेड छान येतो. मामा एवढंच म्हणतात, "तुझं वारं लागायलंय त्यास्नी." म्हणजे नक्की काय? किती लांबून वास येतो? आणि आवाजाचं काय? शिकारीचा विषय नाही, फक्त फोटो, आणि बसतो ते मामाच्या हद्दीतच, रानात पाऊल टाकत नाही.

बांधावरचा:
मामा बरोबर सांगायल्यात भावा. फेब्रुवारीत आमच्यात दुपार कलली की गोव्याकडनं वारं सुटतंय, म्हणजे पश्चिमेकडनं. तू पश्चिमेच्या बांधावर बसलास की तुझ्या अंगावरनं गेलेलं वारं सरळ शेतात आणि ओढ्यावर जातंय, जनावराला तू दिसायची गरजच नाही, तू कुठं बसलाईस ते त्याला ओढ्यापाशीच कळतंय. तू हिरवं घाल नाही तर लाल घाल.

खिशात चुलीतली राख ठेव, कापडाच्या पुरचुंडीत. बसायच्या आधी चिमूटभर सोड आणि कुठं जातीय बघ, पण एकदाच बघून गप्प बसू नकोस, दर पाच-दहा मिनिटांनी बघ. आमचे बाबा सावरीचा कापूस ठेवायचे, त्याचा एक धागा सोडला की लांबपर्यंत तरंगताना दिसतो, राख दोन हातांवरच दिसायची बंद होते. रानाच्या कडेला वारं सरळ कधीच वाहत नाही, झाडांच्या भिंतीवर आपटून गोल फिरतं, कापूस आधी पुढं जातो आणि मग वळून तुझ्याच पाठीमागं येतो. तू म्हणशील वारा तोंडावर आहे आणि तुझा वास मात्र फिरून ओढ्यात उतरलेला असतोय. म्हणून कडेला अगदी चिकटून बसू नये, थोडं उघड्यावर सरकून बसावं.

मामांचं विचारलंस तर ते माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर असतात ना? माळा उंच असला की माणसाचा वास जवळच्या जनावराच्या डोक्यावरनं निघून जातो. आणि मामा तिथं रोजचे. शेणाचा, धुराचा, विडीचा वास रोज त्याच जागी असतोय, त्याची सवय होऊन जाती. तू आठवड्यातनं एकदा येणार, नवीन साबण, नवीन बॅग.

वनविहारी:
वरच्या भाऊंचं वाऱ्याबद्दल १०० टक्के पटतं, पण साबण आणि कपडे पण सोडू नका असं माझं मत आहे. डिओ, केसाचं तेल, डासांचं मलम, गुटखा, पेट्रोल भरताना हाताला लागलेला वास, हे सगळं लांबपर्यंत जातं. त्या दिवशी साध्या पाण्यानं आंघोळ करा, कपडे बाहेर दोरीवर वाळवा.

आणि रंगाचं म्हणाल तर हिरव्यावर फार भर देऊ नका. हरणाला आपल्यासारखे तीन रंग दिसत नाहीत, लाल आणि नारंगी त्याला मातकट दिसतो. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारंगी जाकीट घालायला लावतात, माणसाला माणूस दिसावा म्हणून, आणि हरणाला त्याचं काही विशेष वाटत नाही. पण निळा रंग हरणाला आपल्यापेक्षा चांगला दिसतो आणि कपडे उजळ दिसावेत म्हणून वॉशिंग पावडरीत जे घालतात ते संधिप्रकाशात त्याला चमकून दिसू शकतं, तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर याचा अभ्यास झालाय. म्हणून जीन्स नको आणि पावडरीत धुतलेला पांढरा रुमाल तोंडाला तर नकोच. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, बारीक तपशील दिसत नाही पण हललेलं लगेच दिसतं.

बांधावरचा:
साबणाचं खरं आहे, पण घासून घासून आंघोळ केलीस तरी माणसाचा वास जात नाही, श्वासातनं आणि घामातनं तो येतच राहतो. लोक सगळी मेहनत त्यावर घालतात आणि उलट्या वाऱ्यावर जाऊन बसतात. आधी वारा, मग बाकीचं.

मास्तर_खानापूर:
मी शिक्षक होतो, आता निवृत्त. आमचे आजोबा शिकारी होते, वन्यजीव कायदा १९७२ साली आला त्याच्या आधीची गोष्ट, तेव्हा परवाने मिळायचे. ते स्वतःच नंतर म्हणायचे की बंद झालं ते बरं झालं, जनावरं उरली तरी. पण त्यांनी जे ऐकायला शिकवलं ते मला आयुष्यभर पुरलं म्हणून लिहितो.

हाका घालायचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बसलेल्या शिकाऱ्यांकडं हाकलायचं असलं तर ते रानात शिरायच्या आधी वारा बघत. हाकारे वाऱ्याच्या बाजूनं यायचे आणि बसणारे खालच्या बाजूला, म्हणजे बसलेल्याचा वास जनावराकडं जायचा नाही. जनावर आवाजाच्या विरुद्ध पळतं, पण पुढं माणसाचा वास आला तर आवाजाची पण पर्वा न करता हाकाऱ्यांच्या मधूनच मागं फिरतं. आवाजाचा अंदाज त्याला चुकतो, वासाचा चुकत नाही, हे त्यांचं म्हणणं.

आता आवाजाबद्दल. रानात आवाज होतच असतात, वानरं फांद्या मोडतात, सागाचं वाळलेलं पान पडलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज येतो. त्यानं हरीण पळत नाही. ते पळतं माणसाच्या चालीला. दोन पायांची सारखी लय, चर्र चर्र चर्र, असं रानातलं दुसरं काही चालत नाही. आजोबा तीन-चार पावलं टाकायचे, थांबायचे, खूप वेळ थांबायचे, मग दोन पावलं. टाच आधी टेकवायची नाही, पायाच्या बाहेरच्या कडेनं पान दाबायचं आणि मग वजन सोडायचं. पहाटे दव पडलेलं असताना पान ओलं असतं, वाजत नाही, तेव्हा जाऊन बसावं. ऊन चढल्यावर त्याच पायवाटेनं परत यायला मला जमलेलं नाही, इतका आवाज होतो.

आणि जोराचा वारा असला तर आपला आवाज झाकला जातो असं समजून खूश होऊ नका. त्या दिवशी त्यांना पण काही ऐकू येत नाही, पानं हलत असतात, वास कुठून येतो कळत नाही, म्हणून ती आधीच बिथरलेली असतात, उघड्यावर येतच नाहीत. झुळूक असावी पण एका दिशेची.

सायलेंट मोबाईल लाकडी माळ्यावर ठेवला असाल तर तो थरथरतो, तो आवाज लाकडातून खाली जातो. बंदच करा. चेन, चिकटपट्टीची बॅग, पाण्याच्या बाटलीचं झाकण, हे धातूचे आणि प्लास्टिकचे आवाज रानात नसतात.

एक विनंती. शेताच्या कडेला तारेची फासकी दिसली तर फोटो काढून वनखात्याला लगेच कळवा. आमच्या गावाकडं एका फासात अडकलेलं भेकर मी बघितलंय, पाय हाडापर्यंत कापला होता. रात्रभर धडपडलं असणार. तो दिवस मी विसरलेलो नाही.

काळी_काठ:
मी दांडेलीकडचा, तिकडं जीपमधून चितळं अगदी जवळून दिसतात, इंजिनाची त्यांना सवय आहे. पण कुणी जीपमध्ये उभं राहिलं किंवा पाय खाली टाकला की माना वर. सवयीचा आवाज चालतो, सवयीचा आकार मोडला की नाही. वानरांवर पण लक्ष ठेवा, ती वरून बघतात आणि चितळं खाली वास घेतात, वानर खकाललं की खालचा कळप ताठ होतो. ओढ्यावर टिटवी असेल तर तिला उठवू नका, तिनं ओरडायला सुरुवात केली की थांबायची नाही.

शेतातला_कॅमेरा:
सगळ्यांचे मनापासून आभार. उजेडाचं एक विचारतो, पश्चिमेला बसलो तर वारा उलटा, पूर्वेला बसलो तर ऊन डोळ्यात आणि जनावर काळं येतंय. मग काय करायचं?

बांधावरचा:
आडवा बस. दक्षिणेच्या बांधावर. वारं तुझ्यासमोरनं डावीकडनं उजवीकडं जाईल, ओढा उत्तरेला आहे ना? मग तुझा वास पूर्वेला मोकळ्या शेतात जातोय. उजेड एका बाजूनं पडेल, तेवढं सोस. आणि सकाळी वारं पडलेलं असताना थंड हवा उतारावरनं ओढ्याकडं उतरती, तेव्हा जनावर वर आणि तू खाली, असं बस. ऊन उतारावर आलं की हवा चढायला लागती, तेव्हा उठून घरी ये.

शेतातला_कॅमेरा:
काल आडवा बसलो. साडेचारला जागेवर, मोबाईल बंद, राखेची पुरचुंडी मामींनी बांधून दिली. सहाच्या आत सांबराची मादी ओढ्यातनं वर आली, एकटी. नाक ओलं चकचकीत, एक कान माझ्याकडं आणि दुसरा रानाकडं, दोन्ही वेगवेगळे फिरत होते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. शेंगा खाल्ल्या. चार फोटो नीट आले, मग उजेड गेला आणि मी लेन्स बदलायला बॅगेची चेन अर्धा इंच ओढली. तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला, धप्प, माझ्या पायाखाली जाणवलं. ओरडली नाही. वास आला नव्हता म्हणून असेल, नुसती बघत उभी राहिली, पुन्हा एकदा पाय आपटला आणि पळत नाही तर चालत परत ओढ्यात उतरली. मामा माळ्यावरनं सगळं बघत होते, खाली आले आणि म्हणाले, "उद्या बॅग घरात ठेवून ये."