मदत हवी आहे: लिव्हरच्या जनुकीय रिपोर्टमध्ये 'जोखीम जास्त' आलंय, दादाचं काय करू?

सुरंगीचा_वळेसर
घाईत लिहितेय, चुकलं तर समजून घ्या. बाबा मार्गशीर्षात गेले, लिव्हरचा कॅन्सर. दादाला हिपॅटायटिस आहे, वय 38. मित्राच्या सांगण्यावरून त्याने लाळेचा नमुना कुरिअरने पाठवून जनुकीय तपासणी करून घेतली. काल रिपोर्ट आला. अकराव्या पानावर लाल चौकट: 'मायका जनुक, ए/ए, यकृताच्या कर्करोगाची जोखीम जास्त'. दादा कालपासून जेवला नाही, पडवीत बसून तेच पान उलटसुलट बघतोय. हे खरं धरायचं का? मालवणात कोणाला दाखवू? लवकर सांगा.

दाभोळखाडी
हिपॅटायटिस बी की सी? तेच लिहिलं नाहीत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, किती? सोनोग्राफी कधी केली? गोळी चालू आहे का?

बाबल्या_वेंगुर्लेकार
गो बाय, घाबरा नको. माझ्या आत्येक कावीळ झाल्ली. भुईआवळो वाटून ताकातसून सात दिस दिलो, डोळे सफेद झाले.

दाभोळखाडी
बाबल्या, आत्याची कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई असणार, पाण्यातून होणारी. ती बहुतेकांची आपोआप बरी होते. इथे वर्षानुवर्षं रक्तात राहणाऱ्या विषाणूची गोष्ट चाललीय. भुईआवळ्याचा मद्रासचा अभ्यास 1988 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, हिपॅटायटिस बी शोधणारे ब्लूमबर्ग स्वतः त्यात होते. त्यात गुण दिसला होता, पण पुढच्या चाचण्यांत तसा दिसला नाही.

बाबल्या_वेंगुर्लेकार
आमच्या गावात पिढ्यान्पिढ्या देतत. सगळे काय मेले?

माडावरचा_काजवा
बुरशी लागलेले शेंगदाणे, मका खाऊ नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन आणि बी एकत्र आले की लिव्हरला फार वाईट. पावसाळ्यात डबे उन्हात घालत जा. आणि मुंबईला परळच्या हॉस्पिटलात न्यायचं तर कुडाळहून तुतारी एक्सप्रेस पकडा, सकाळी दादर.

सुरंगीचा_वळेसर
काजवा, आभार, पण मी ते विचारलं नव्हतं. बी आहे. 2019 मध्ये रक्तदान शिबिरात कळलं. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले काळजी नको, म्हणून सोडून दिलं. व्हायरल लोड कधीच केला नाही. मला फक्त जनुकाचं सांगा ना.

दाभोळखाडी
सांगतो, मी रक्तपेढीत काम करतो. मायका हे सहाव्या गुणसूत्रावरचं जनुक. पेशी आजारी पडली की हे प्रथिन पृष्ठभागावर येतं, ते बघून मारक पेशी तिच्यावर तुटून पडतात. 2011 मध्ये जपानमध्ये या जनुकाजवळची एक जागा सापडली, तिथे डीएनएचं 'ए' अक्षर असलं की कॅन्सरची जोखीम वाढलेली दिसली, साधारण 1.4 पट. पण तो अभ्यास हिपॅटायटिस सी च्या रुग्णांवर. पुढच्याच वर्षी जपानमध्येच बी च्या रुग्णांत तपासलं, तर जोखमीचं अक्षर उलटं निघालं, 'जी'! म्हणजे तुमच्या दादाच्या आजारासाठी ती लाल चौकट धरायचीच नाही. पानं फाडू नका, पण बाजूला ठेवा.

बी मध्ये विषाणू रक्तात किती, ते बघायचं. तैवानचा 2006 चा अभ्यास, 3,653 जण, अकरा-बारा वर्षं पाहिलेले: लोड एक मिलीलिटर रक्तात विषाणूच्या 300 प्रतींच्या खाली असलेल्यांत कॅन्सर 1.3 टक्के, दहा लाख किंवा जास्त असलेल्यांत 14.9 टक्के. हा लोड गोळीने खाली आणता येतो, जनुक बदलता येत नाही. त्यात वडिलांना झालाय, म्हणून चाळिशीची वाट न बघता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही कॅन्सरसाठीची रक्ततपासणी. बी मध्ये लिव्हर आकसण्याआधीही कॅन्सर होतो, एसजीपीटी नॉर्मल म्हणून निर्धास्त राहू नका.

सुरंगीचा_वळेसर
वाचून दादाला दाखवलं. चौकटीवर त्याने पेनने 'सी' लिहिलं आणि पेज मागितली. उद्या ओरोसच्या सरकारी हॉस्पिटलात नेते. वहिनीला सातवा महिना आहे म्हणून ती घरीच थांबेल.

घाटणे_पाणंद
थांबा!! वहिनी गरोदर आहे हे आत्ता सांगताय? तिची तपासणी झाली का? मी आशाताईंबरोबर काम केलंय. तिला बी असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. जन्मतःच लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत ती कायमची राहते. निगेटिव्ह असेल तर तिलाच लस द्या, गरोदरपणात चालते. तिला घरी ठेवू नका, सोबत न्या. 2018 पासून सरकारी कार्यक्रम आहे, तपासणी आणि गोळ्या मोफत, ओरोसला तेच विचारा.

सुरंगीचा_वळेसर
(दुसऱ्या दिवशी) वहिनी निगेटिव्ह!! पहिला डोस आजच दिला. दादाचा लोडचा नमुना पाठवलाय, सोनोग्राफी सोमवारी. आईचंही रक्त घेतलं.

दाभोळखाडी
छान. आणि तुमचं स्वतःचं?

सुरंगीचा_वळेसर
माझं राहिलं. आई-दादाच्या मागे लक्षातच आलं नाही. सोमवारी देते.