ब्लू-रे डिस्क २३ जीबीवर अडकते, आणि जेवढं निघालं त्याचा आवाज तुटतो

पडद्यामागचा:
मंडळी मदत करा, डोकं फिरायची वेळ आलीये. आमच्या ग्रुपच्या नाटकाच्या दोन प्रयोगांचं शूटिंग एका ५० जीबीच्या ब्लू-रे डिस्कवर आहे, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने सरळ बर्न केलेलं. ओरिजिनल फाईली ज्या हार्डडिस्कवर होत्या ती कधीच मेली, म्हणजे आता ही एकच कॉपी. एकूण ४२ जीबी. कॉम्प्युटरवर कॉपी करायला घेतली की २३ जीबीपर्यंत व्यवस्थित जातं आणि मग ड्राइव्ह घरघरायला लागतो, दहा मिनिटं तसाच, आणि शेवटी 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' (म्हणजे डेटा नीट वाचता आला नाही) म्हणून एरर. तीनदा केलं, तीनही वेळा तिथेच. मग फाईली एकेक करून ओढल्या तर ०००११ आणि ०००१२ या दोन एम२टीएस (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ फाईली) सोडून बाकी सगळ्या आल्या.

दुसरा घोळ असा की आलेल्या फाईली हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमध्ये एकेक कन्व्हर्ट करून जोडल्या, तर दर अकरा-बारा मिनिटांनी आवाज टचकन तुटतो आणि तिथून पुढे ओठ आणि शब्द जरा मागेपुढे होतात, शेवटाकडे तर चांगलंच कळतं. आणि कोणी हात जोरात हलवला की कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात त्या वेगळ्याच. डिस्क खराब आहे, ड्राइव्ह खराब आहे की मीच काहीतरी माती खाल्ली?

डबलक्लिक:
डिस्कवर थोडी टूथपेस्ट लावून हलक्या हाताने पुसून बघ. माझ्या जुन्या सीड्या अशाच चालू झाल्यात.

खटपट्या:
अरे नको नको नको!! टूथपेस्ट अजिबात लावू नकोस. सीडीत लेसर सव्वा मिलिमीटर जाड प्लास्टिकच्या आरपार वाचतो, म्हणून वरचा ओरखडा घासून काढला तर चालून जायचं. ब्लू-रेमध्ये डेटा पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी आत असतो आणि वर एक कडक कोटिंग असतं, ते घासलंस की संपलं. मऊ कोरडं कापड घ्यायचं, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. बस.

आता तुझा २३ चा आकडा. तो वाचल्या वाचल्या माझी ट्यूब पेटली. ५० जीबीची डिस्क म्हणजे २५-२५ चे दोन थर, आणि विंडोज ज्या पद्धतीने मोजतं त्यात २५ जीबीचे २३.३ दिसतात. म्हणजे तुझा ड्राइव्ह बरोबर थर बदलायच्या जागी अडकतोय. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत, त्यामुळे ही जागा येते डिस्कच्या अगदी बाहेरच्या कडेला. कडेलाच बोटांचे ठसे, कडेलाच डिस्क किंचित वाकलेली, बर्न पण तिथेच कच्चं होतं. पुढच्या फाईली नीट आल्या यावरूनच कळतं की दुसरा थर ठीक आहे, फक्त कड गेलीये. आता उजेडात धरून कड बघ आणि सांग.

पडद्यामागचा:
पुसली. कडेला अंगठ्याचा ठसा होता, लाजच वाटली. आता ०००१२ आली!! ०००११ मात्र अजून अडकतेय.

खटपट्या:
वा, अर्धं काम झालं. आता कॉपी-पेस्ट बंद कर, दर वेळी ड्राइव्ह खराब जागेवर जाऊन डोकं आपटतो आणि डिस्कही उगाच तापते. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालू होतं) बनव आणि डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी एकच मोठी फाईल, काढ. सेक्टर साईज २०४८ द्यायचा आणि मॅप फाईल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) द्यायला विसरायचं नाही, सगळी गंमत तिथेच आहे. पहिल्या फेरीत वाचता येत नाही ते सोडून पुढे जाऊ दे, दुसऱ्या फेरीत फक्त राहिलेल्या जागांवर दोन-तीनदा प्रयत्न करू दे. आणि मग कोणाचा तरी दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह उसना आण, तीच इमेज आणि तीच मॅप फाईल देऊन परत चालव. एकाला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला पुष्कळदा येतं, आणि तो फक्त उरलेलंच वाचतो. यूएसबीवरचा ड्राइव्ह असेल तर हबमध्ये लावू नकोस, सरळ मशीनच्या पोर्टला लाव, करंट कमी पडला तरी असेच खेळ करतात.

रीळवाली:
आवाजाचं मी सांगते, कारण हीच चूक मी अख्खा महिना केलीये. तुमच्या कॅमेऱ्याने एका सलग रेकॉर्डिंगचे २-२ जीबीचे तुकडे पाडलेत. २४ एमबीपीएसला (सेकंदाला २४ मेगाबिट) २ जीबी म्हणजे साधारण बारा मिनिटं, म्हणून दर बारा मिनिटांनी टचकन. तुकडा कुठेही पडतो, कधी कधी एकाच फ्रेमचा अर्धा भाग या फाईलमध्ये आणि अर्धा पुढच्या. एकेक कन्व्हर्ट केलं की ते अर्धे भाग फेकले जातात, व्हिडिओ वेगळा कापला जातो आणि आवाज वेगळा, आणि प्रत्येक सांध्यावर ते साचत जातं. त्यामुळे एम२टीएसला हातच लावायचा नाही. प्लेलिस्ट फोल्डरमध्ये एमपीएलएस फाईली असतात, कोणत्या तुकड्यानंतर कोणता ते त्यांना माहीत असतं. इमेज झाली की ती मेकएमकेव्ही या प्रोग्राममध्ये उघडा, प्रयोगागणिक एकेक टायटल (सलग जोडलेला व्हिडिओ) दिसेल, ते आधी जसंच्या तसं एमकेव्ही फाईलमध्ये काढा. क्वालिटीला धक्का लागत नाही. ही तुमची मास्टर कॉपी, नंतर हँडब्रेकमध्ये हीच द्या.

कंगव्याच्या रेघा म्हणजे इंटरलेसिंग, बिघाड नाही. तुमच्या कॅमेऱ्याच्या १०८०आय५० फॉरमॅटमध्ये सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम असतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस 'बॉब'वर (प्रत्येक अर्ध्या फ्रेमची पूर्ण फ्रेम करतो) ठेवा आणि फ्रेमरेट ५०, नाहीतर नेहमीचा प्रीसेट ३० च्या वर जाऊ देत नाही आणि हालचाल अडखळते. एन्कोडर एक्स२६४, आणि क्वालिटीचा आकडा आरएफ १८ ते २० (जितका कमी तितकं चित्र चांगलं).

डबलक्लिक:
टूथपेस्ट मागे घेतो 😅 विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कला पण हेच चालतं का?

रीळवाली:
त्यावर एएसीएस एन्क्रिप्शन (कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) असतं, हँडब्रेक ते उघडतच नाही. आणि ते तोडणं कायद्यात बसतं की नाही हे देशागणिक वेगळं, आधी ते बघा. इथे डिस्क स्वतः बर्न केलेली आहे म्हणून प्रश्न नाही.

पडद्यामागचा:
झालं राव!! रात्रभर चालवलं, सकाळी ९० एमबी राहिलं होतं. मित्राच्या ड्राइव्हवर तीच मॅप फाईल दिली तर ४ एमबीवर आलं आणि तिथे थांबलं. इमेज उघडली, दोन टायटल, दोन प्रयोग, आवाज मख्खन. दुसऱ्या प्रयोगात सातव्या मिनिटाला सेकंद-दीड सेकंद नुसते चौकोन चौकोन दिसतात, आणि नेमकं तिथेच मी वाक्य विसरलो होतो, तर ती जागा दुरुस्त करायची मला काही घाई नाही.

आता दोन बारीक गोष्टी. पेनड्राइव्हवर टाकताना 'फाईल मोठी आहे' म्हणतो, जागा तर भरपूर आहे. आणि कन्व्हर्ट केलेली एमपी४ कॉम्प्युटरवर मस्त वाजते पण फोनवर चित्र येतं, आवाज नाही.

खटपट्या:
पेनड्राइव्ह फॅट३२ असणार, त्यात ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही. त्यावरचं सगळं बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट कर.

रीळवाली:
आवाज एसी३ (डॉल्बी) फॉरमॅटमध्ये आहे आणि हँडब्रेकने तो तसाच पुढे ढकलला, बऱ्याच फोनना एसी३ कळत नाही. ऑडिओ टॅबमध्ये पहिला ट्रॅक एएसी स्टिरिओ करा, एसी३ दुसऱ्या नंबरवर राहू दे.

पडद्यामागचा:
एएसीने फोनवर आवाज आला. दुसरा प्रयोग आता लावलाय, अजून साडेतीन तास दाखवतोय.