झोपाळ्याला किती एमएमचं ड्रिल? बडोदा, रविवारच्या आत उत्तर हवंय

रावपुरा_ते_भायली
रविवारी टेम्पो येतोय. झोपाळा टांगणारा माणूस विचारतोय होल १२चं मारू की १६चं. तो स्वतः म्हणतो १२ पुरे. शेजारचे काका म्हणतात १६शिवाय हात लावू देऊ नका. नव्या फ्लॅटमध्ये कोणी टांगलाय का? ड्रिलचा आकार आणि फास्टनर मंगळ बाजारात मिळतील की दुसरीकडे जावं लागेल, एवढंच सांगा. घरभर खोकी पसरली आहेत, लांबलचक वाचायला वेळ नाही.

मांजलपूरकर
कसला झोपाळा? लाकडी पाट, वेताचा की लोखंडी? वजन? दोन हूक की चार? छत उघडं आहे की फॉल्स सीलिंग?

रावपुरा_ते_भायली
झोपाळा म्हणजे झोपाळा. बडोद्यात हे समजावून सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. संखेड्याचा, लाखकामाचा आहे, सासूबाईंच्या लग्नातला, पितळी कड्यांचा. चार हूक. १२ की १६?

निवांत_अकोटा
ताई, होल मारूच नका. लोखंडी स्टँड करून घ्या. मी करून घेतला, पावडर कोटिंगसकट. हवा तिथे सरकवा, घर बदललं तर उचलून न्या. छताला भोकं पाडायची पद्धत आता जुनी झाली.

दांडिया_बाजार_जुना
स्टँडवरचा झोपाळा हा झोपाळा नव्हे. कुरकुरतो, पाय मध्ये येतात आणि जोरात झोका घेतला की सगळं सांगाडं पुढे सरकतं. आमच्याकडे कडीपाटाचं छत होतं, सागवानी तुळईतून आरपार बोल्ट आणि वर चौकोनी पट्टी. चार पिढ्या बसल्या त्यावर. नव्या इमारतीतही तसंच आरपार करा, वरच्या बाजूने नट लावा. बाकी सगळे फास्टनर म्हणजे भिंतीवर कॅलेंडर लावायच्या गोष्टी.

मांजलपूरकर
वरच्या बाजूने नट म्हणजे वरच्या माणसाच्या हॉलमधल्या टाइल्स फोडून? त्यांना काय सांगणार, आमच्या सासूबाईंना झोका घ्यायचाय?

दांडिया_बाजार_जुना
शेजारधर्म नावाची गोष्ट असते.

ओव्हरसियर_निवृत्त
१२ आणि १६ दोन्ही बरोबर असू शकतात, म्हणून तुमचा माणूस आणि काका भांडतायत. सबंध बोल्ट आत जाऊन टोकाशी फुगतो त्या प्रकारात १२च्या बोल्टला १२चंच ड्रिल लागतं. बोल्टवर बाहेरून नळी असते त्या प्रकारात नळीच्या जाडीएवढं, म्हणजे जास्त जाड. पाकिटावर ड्रिलचा आकार आणि खोली छापलेली असते, तीच पाळायची. पण खरा प्रश्न ड्रिलचा नाहीच. इमारत किती मजली, तुमचा मजला कितवा, आणि हॉलच्या छताला बीम दिसतात का? हे सांगितल्याशिवाय मी आकार सांगणार नाही.

पंचांगवाले
रविवारी तिथी कोणती आहे ते पाहिलंत का? वास्तुशांत झाली? झोपाळा उत्तर-दक्षिण हलू नये असं आमच्याकडे मानतात.

सेवउसळ_रोज
सामान उचलणाऱ्यांना दुपारी सेव-उसळ आणि पाव खाऊ घाला, एकही भांडं फुटणार नाही. तर्री वेगळी मागवा.

फिजिक्सचा_मास्तर
कोणीच भाराचं गणित मांडत नाही म्हणून लिहितो. झोपाळा आणि चार माणसं मिळून ३०० किलो धरू. स्थिर असताना छतावर ३००. झोका ३० अंशांपर्यंत गेला की खालच्या बिंदूला ताण साधारण १.२७ पट, म्हणजे ३८० किलो. मुलांनी ४५ अंशांपर्यंत नेला तर जवळपास १.६ पट. वर हा भार दर झोक्याला कमीजास्त होत राहतो. चार हुकांत सारखा वाटलाही जात नाही, कारण सगळे टीव्हीच्या बाजूला बसतात. म्हणून हुकाची ताकद हिशेबाच्या तीन-चार पट हवी.

दुसरं, जुन्या घराची उंची किती होती? रावपुऱ्यातली घरं बारा-तेरा फुटांची. नव्या फ्लॅटमध्ये फरशी ते स्लॅब साडेनऊ फूट मिळाले तरी पुष्कळ. कड्या कमी कराव्या लागतील. साडेअकरा फुटी कड्यांवर एक पूर्ण झोका पावणेचार सेकंदांचा असतो, आठ फुटांवर तीन सेकंदांच्या जरा वर. झोका भरभर वाटेल. पुढे तेवढेच तीन फूट जायचं तर कोनही मोठा होतो. वयस्क माणसाला चढता-उतरताना जाणवेल.

रावपुरा_ते_भायली
मास्तर, कड्यांचं लक्षातच आलं नव्हतं. जुनं छत तेरा फूट होतं. एकेक कडी सुटते, त्यामुळे दोन-दोन काढता येतील. ओव्हरसियर काका, चौदा मजली आहे, आमचा सातवा. बीम दिसत नाहीत, सगळं सपाट आहे, तेच तर आवडलं होतं. फॉल्स सीलिंग झालंय, जिप्समचं. माणूस म्हणतो त्याला भोक पाडून वर स्लॅबपर्यंत रॉड नेऊ.

केमिकल_अँकर
साध्या फास्टनरला नाही म्हणा. नळी फुगवून घर्षणावर पकड धरतो, हलत्या भाराखाली सैल पडू शकतो. केमिकल अँकर घ्या. भोकातली धूळ ब्रशने आणि पंपाने काढायची, मग रेझिन, मग थ्रेडेड रॉड. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या कारखान्यात मशिनं याच्यावर उभी आहेत.

निवांत_अकोटा
मशिनं जमिनीवर उभी असतात. छतात रेझिन भरलं की अर्धं डोक्यावर गळतं.

केमिकल_अँकर
त्यासाठी टोपी मिळते. माहिती नसेल तर लिहू नये.

ओव्हरसियर_निवृत्त
दोघेही थांबा. ताई, चौदा मजले, मोठा हॉल आणि एकही बीम नाही, हे ऐकून शंका येते. बिल्डरच्या सुपरवायझरला फोन करून विचारा की स्लॅब साधा सळईचा आहे की पीटीचा. कुणालाही ड्रिल लावू देऊ नका तोवर.

पूरग्रस्त_समा
भायलीच्या त्या भागात २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी भरलं होतं का? आम्हीही तिकडे घर बघतोय. पार्किंग बेसमेंटमध्ये आहे का?

रावपुरा_ते_भायली
सातव्या मजल्यावर कसला पूर हो. पार्किंगचं वेगळा धागा काढून विचारा. सुपरवायझर म्हणाला "तारवाला स्लॅब" आहे. हसत म्हणाला सगळे मारतात भोकं, काही होत नाही. आता हे पीटी काय आहे?

ओव्हरसियर_निवृत्त
पोस्ट टेन्शन. काँक्रीट ओतण्याआधी स्लॅबमध्ये पोलादी तारांच्या केबल टाकतात आणि काँक्रीटला ताकद आली की जॅकने ओढून टोकांना जखडतात. एकेका तारेत दहा टनांहून जास्त ताण कायम असतो. त्यामुळेच बीमशिवाय एवढा मोठा हॉल मिळतो. साध्या स्लॅबमध्ये ड्रिल सळईला लागलं तर ठिणगी उडते, आपण बाजूला सरकतो. इथे तार तुटली तर ताण एका झटक्यात सुटतो, काँक्रीटचा तुकडा उडू शकतो, स्लॅबची ताकद कमी होते ते वेगळंच, आणि नुकसान फक्त तुमच्या घराचं राहत नाही.

आता यातली वाईट गोष्ट. केबल सरळ नसते, ती झोळीसारखी जाते. खांबांजवळ स्लॅबच्या वरच्या अंगाला आणि दोन खांबांच्या मधोमध खालच्या अंगाला. तुम्ही झोपाळा कुठे टांगणार? हॉलच्या मधोमध. म्हणजे ड्रिल खालून शिरणार नेमकं तिथे, जिथे केबल सगळ्यात खाली आहे.

सुपरवायझर काय म्हणतो ते सोडा. बिल्डरकडे केबलचं ड्रॉइंग असतंच, ते लेखी अर्ज देऊन मागा. काही ठिकाणी स्लॅबच्या खालच्या बाजूला केबलच्या रेषा रंगाने आखलेल्या असतात, पण तुमच्या त्या जिप्समने झाकल्या असतील. हुकांच्या जागेपुरतं जिप्सम कापून पाहा. रेषा असो वा नसो, मारण्याआधी स्कॅन करून घ्या, तशी यंत्रं भाड्याने घेऊन येणारे लोक असतात. मग दोन केबलच्या मधल्या जागेत, कमी खोलीचा अँकर, आणि एकेका हुकाला चार बोल्टची प्लेट, म्हणजे भार पसरतो. प्लेट कोणती ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचं, टांगणाऱ्याने नाही.

दांडिया_बाजार_जुना
म्हणजे लाखो रुपयांचं घर घ्यायचं आणि त्यात झोपाळा टांगता येत नाही. वाहवा.

मांजलपूरकर
टांगता येतो, फक्त बांधतानाच सांगावं लागतं. आमच्या इमारतीत स्लॅब भरायच्या आधी ज्यांनी मागितले त्यांना हूक सळईला बांधून दिले होते. बुकिंगच्या वेळी टाइल्सचा रंग सगळे विचारतात, हुकाचं कोणी विचारत नाही.

केमिकल_अँकर
पीटीमध्येही केमिकल चालतो, योग्य जागी.

निवांत_अकोटा
स्टँड कुठेही चालतो, योग्य किंवा अयोग्य जागी. सुरुवातीपासून सांगतोय.

रावपुरा_ते_भायली
स्टँडला सासूबाई तयार नाहीत, विषय संपला. गॅलरीत चालेल का? तिथे कडेला बीम आहे असं वाटतं, खाली उतरलेला भाग दिसतो.

ओव्हरसियर_निवृत्त
तो काँक्रीटचा बीम असेल तर उत्तम. बीमच्या खालच्या तोंडाला नाही, बाजूच्या तोंडाला प्लेट लावायची. मग बोल्ट ओढून निघायचा प्रश्न राहत नाही, भार बोल्टच्या आडवा येतो. पण एकाच बीमवर दोन हूक होतील, उरलेले दोन कशावर? समोरच्या बाजूला काय आहे? हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर ती धरणार नाही. आणि पीटीच्या इमारतीत कडेला केबल जखडलेल्या असतात, तेव्हा ड्रॉइंग इथेही लागेलच. गॅलरीचा फोटो टाका.

लाखकाम_आवडतं
गॅलरीत संखेड्याचं काम? पावसाचं पाणी आणि दुपारचं ऊन लागलं की लाखेचा थर तडकतो, रंग उडतो. तो मूळ रंग परत बसवायला संखेड्याच्या खराद्यांकडेच, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिरांकडेच जावं लागेल. टेम्पोत घालतानाही पाठीच्या कातीव दांड्यांना धरून उचलू देऊ नका, बैठकीखालून दोघांनी धरायचं. गोधडी गुंडाळा, लाखेवर थेट प्लास्टिक आणि चिकटपट्टी नको, पट्टी काढताना रंग येतो. पितळी कड्या आधी काढून वेगळ्या पोत्यात. त्या पितांबरीने घासायच्या तर लाकडापासून लांब बसून घासा.

पंचांगवाले
गॅलरी कोणत्या दिशेला आहे?

रावपुरा_ते_भायली
पश्चिमेला, म्हणजे ऊन येणारच. गॅलरी बाद. बिल्डरच्या ऑफिसात आज मिस्टर स्वतः जाऊन बसले, केबलचं ड्रॉइंग मेलवर आलं. मला त्यातलं काही कळत नाही, नुसत्या वेलांट्या आहेत. टांगणाऱ्याला नको म्हणून कळवलंय, तो चिडला. रविवारी झोपाळा नेऊन भिंतीला लावून ठेवणार, आणि इंजिनिअर बुधवारी येतोय. सासूबाई म्हणतात तोवर दोन पाटांवर ठेवा, मी बसते. काका, ड्रॉइंग इथे टाकू का?

ओव्हरसियर_निवृत्त
इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर झाकून टाका. इंजिनिअरला दोन प्रश्न विचारा: तुमच्या हॉलवरून दोन केबलमधलं अंतर किती, आणि हुकाच्या जागी केबल स्लॅबच्या तळापासून किती वर. टांगून झाल्यावर माणसं बसवायच्या आधी ५० किलोच्या सिमेंटच्या आठ गोण्या ठेवून रात्रभर सोडा. सकाळी प्लेट आणि स्लॅबमध्ये फट दिसली तर गोण्या उतरवून मला कळवा. आणि दोन पाटांवर ठेवणार असाल तर खाली रबर ठेवा, नव्या टाइल्सवर पाट सरकतात.

सेवउसळ_रोज
गोण्या सातव्या मजल्यावर लिफ्टने न्यायला सोसायटी परवानगी देते का?

रावपुरा_ते_भायली
देत नाही. पाण्याचे जार ठेवू.

दांडिया_बाजार_जुना
ताई, कड्या दोन-दोन कमी करणार म्हणालात. उरलेल्या आठ विकायच्या आहेत का? जुनं पितळ आता तसं मिळत नाही.

रावपुरा_ते_भायली
नाही.